मिलिमीटरची सही

माझा धाकटा भाऊ ड्राफ्ट्समन आहे. म्हणजे इमारत कशी असावी हे दुसराच कुणीतरी ठरवतो आणि हा ती रेघारेघांनी कागदावर उतरवतो. ऑफिसात त्याला मिलिमीटर म्हणायचे, कारण तीन मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी तो सगळा नकाशा पुन्हा काढायला घ्यायचा. पुढे आम्ही घरीही तेच नाव उचललं. त्याला वाटायचं, हे कौतुक आहे. मी त्याचा गैरसमज कधी दूर केला नाही.

बावीस वर्षं एकाच ऑफिसात मान मोडून काम केलं आणि एकोणपन्नासाव्या वर्षी, एका मंगळवारी भर दुपारी, हा गृहस्थ राजीनामा देऊन घरी आला. कारण ऐकलंत तर कपाळाला हात लावाल. एका वाचनालयासाठी त्यानं जिना काढला होता, मधल्या खांबाशिवाय वळत वर जाणारा. तो नकाशा एका मासिकात पानभर छापून आला. शेजारी मोठ्या साहेबांचा फोटो, हाताची घडी घालून, जणू जिना त्यांच्याच कुशीतून निघालाय. नकाशाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते, तिला हे लोक टायटल ब्लॉक म्हणतात. तिच्यात इमारतीचं नाव, तारीख, प्रमाण, साहेबांचं नाव आणि अगदी तळाशी, 'आरेखन' असं लिहिलेल्या एवढ्याशा घरात, काढणाऱ्याची दोन आद्याक्षरं. मासिकवाल्यांनी फोटो बसवायला नेमका तो कोपरा कापला. दोन अक्षरं कापली गेली म्हणून याने बावीस वर्षांची नोकरी कापली.

"ताई, माझं नाव कुठंच नाही," तो म्हणाला.

"होतं कधी?" मी विचारलं.

त्यानं मासिक घडी करून पिशवीत ठेवलं. 

मोठ्या साहेबांनी राजीनामा हसण्यावारी नेला होता. सगळ्या ऑफिससमोर म्हणाले होते, "पहिल्या तारखेपर्यंत तुझी खुर्ची रिकामी ठेवतो. फिरून ये जरा." हे 'फिरून ये जरा' त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं. माझी भावजय बँकेत काम करते, उगाच बोलणारी बाई नाही. ती मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, "ताई, पहिल्या तारखेच्या आत एखादं मोठं काम मिळालं नाही तर ते परत जातील. आणि तसे गेले ना, तर घरात कुणाशी बोलायचे नाहीत. मी ओळखते त्यांना." मीही ओळखत होते. लहानपणी शाळेत एकदा मार खाऊन आला होता तेव्हा अकरा दिवस बोलला नव्हता.

आम्ही राहतो एकाच घरात, म्हणून मी माझी मागची खोली त्याला दिली. खिडकीखाली इस्त्रीचं टेबल होतं, ते त्याचं ऑफिस झालं. कोपऱ्यात माझी ट्रंक आणि तिच्यावर कापडानं झाकलेला जुना टाइपरायटर. तीस वर्षं मी एका मालवाहतुकीच्या कंपनीत टायपिस्ट होते. पत्र कसं लिहावं आणि कुठं संपवावं, एवढं एक मला कळतं. पण मला कोण विचारतो.

आता कुणालाही वाटेल की ज्याच्या हातात महिना आहे तो आधी चार ओळखीच्यांना फोन करेल. छे. यानं आधी व्हिडिओ पाहिले. घट्ट शर्टातला एक माणूस कपाटासमोर बसून सांगायचा, की स्वतंत्र काम करणाऱ्याच्या मेलखालची सही म्हणजे त्याचं दुकान, त्याचा फलक, त्याची अब्रू. कपाटातल्या पुस्तकांचा रंग एकसारखा होता, त्यावरून ती कुणी उघडलेली नाहीत हे मला दिसत होतं. मिलिमीटरला दिसलं नाही. तो वही घेऊन लिहून घेत होता, या वयात, समास आखून.

मग सही काढायला बसला. 'लिहायला' नव्हे, काढायला. नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, रेघांची जाडी ठरवून. प्रत्येक खेपेला कोपऱ्यात आर-झीरो, आर-वन असा दुरुस्तीचा क्रमांक, नकाशावर घालतात तसा. दुसऱ्या आठवड्यात आर-नऊ चालू होता.

त्या सहीत काय नव्हतं ते विचारा. वर पूर्ण नाव, स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. त्याखाली 'संस्थापक व मुख्य सल्लागार'. संस्था म्हणजे माझं इस्त्रीचं टेबल आणि एक स्टूल. त्याखाली त्याचा फोटो, हाताची घडी घालून. ज्या साहेबांच्या नावानं बोटं मोडत होता, त्यांचीच घडी. मग कंपासाचं चित्र. मग फेसबुकबिसबुकच्या चार गोल खुणा, त्यातल्या दोन ठिकाणी त्याचं खातंच नव्हतं, पण त्या दोन नसल्या तर ओळ डावीकडे कलल्यासारखी दिसते म्हणे. मग एक सुविचार. मग हिरवं पान आणि 'गरज असेल तरच छापा'. मग सात ओळींची कायदेशीर तंबी, की हा मेल चुकून तुमच्या हाती पडला असेल तर तो वाचू नका. आणि या सगळ्याच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात, नीट आखलेल्या घरात, फोन नंबर.

"नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा," मी म्हटलं.

"ताई, तुला यातलं कळत नाही."

"तुला कळतंय ना? मग एक सांग. वर पत्र काय लिहिणार?"

वर त्यानं लिहिलं होतं, 'नमस्कार. माहिती खाली.' बस्स. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथं नाकच नव्हतं, नुसता मोती. असे चाळीस मेल त्यानं चाळीस वास्तुविशारदांना पाठवले आणि हाताची घडी घालून बसला. एकाचंही उत्तर आलं नाही. मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही, रागच आला. एवढा हुशार हात, आणि वर डोकं हे असलं.

मी म्हटलं, "अरे, निदान नंबर तरी पत्रात लिही."

तेव्हा त्यानं मला त्याच्या धंद्याचा नियम सांगितला, मास्तर पोराला सांगतो तसा. नकाशात एक गोष्ट एकाच जागी लिहायची. एका तुळईची उंची कुणीतरी दोन ठिकाणी लिहिली होती. पुढे ती बदलली, एका ठिकाणी दुरुस्त केली, दुसरीकडे राहिली. कंत्राटदारानं नेमकी दुसरी वाचली आणि बांधलेली तुळई फोडावी लागली. तेव्हापासून चौकटीत जे आहे ते नकाशात पुन्हा लिहायचं नाही. "नंबर चौकटीत आहे," तो म्हणाला. "पुन्हा लिहिला तर ती चूक होते."

"पण हे पत्र आहे. तुळई नाही."

पालथ्या घड्यावर पाणी.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, सोमवारी, एक मेल आला. एका वास्तुविशारद बाईंचा. त्यांनी वाचनालयाचा तो जिना प्रत्यक्ष चढून पाहिला होता, आणि साहेबांचा फोटो पाहून न थांबता बांधणाऱ्या कंत्राटदाराला गाठून विचारलं होतं, की हा काढला कुणी. कंत्राटदाराकडे मिलिमीटरच्या मेलचा पत्ताच तेवढा होता, फोन जुन्या ऑफिसचा. बाई मुलांचं एक इस्पितळ बांधणार होत्या. चार मजले, दोन वर्षांचं काम, सगळे नकाशे एका हातचे हवेत. 'फोनवर सविस्तर बोलू. तुमचा नंबर कळवा. शुक्रवारपर्यंत मला ठरवायचं आहे.' खाली त्यांचं नाव. पुढे काही नाही, मागे काही नाही, पदवीसुद्धा नाही.

भावजयीनं बँकेतून येताना तो मेल फोनवर दोनदा वाचला आणि चपला न काढताच माझ्या खोलीत आली. तिचे डोळे भरले होते. पहिली तारीख पुढच्या सोमवारी होती.

मिलिमीटरनं उत्तर दिलं, 'नमस्कार. माहिती खाली.'

मंगळवारी बाईंचा दुसरा मेल. 'नंबर मिळाला नाही. कृपया कळवा.' याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "वाचत नाहीत लोक," तो म्हणाला, "खाली एवढं आखून दिलंय." आणि उत्तर लिहिलं, 'कृपया खालील तपशील लक्षपूर्वक पाहावा.' लक्षपूर्वक! काम देणाऱ्या बाईला!

"अहो, तुम्हीच त्यांच्या ऑफिसला फोन करा ना," भावजय म्हणाली. "नंबर शोधून देते मी."

"पहिला फोन समोरून आला पाहिजे. आपण केला की आपण गरजू ठरतो."

"आहेसच तू," मी म्हटलं.

ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ पाहिले, पण हा भांडं घरी ठेवून ताकाला निघाला होता. बुधवारी आणि गुरुवारी तो फोन समोर ठेवून बसून राहिला. फोन टेबलाच्या कडेला समांतर ठेवला होता. दोनदा वाजला. एकदा गॅसवाला, एकदा मोठ्या साहेबांचा शिपाई, खुर्चीची गादी बदलायची आहे, तुम्ही येणार आहात का विचारायला. त्या दिवशी मिलिमीटर जेवला नाही.

शुक्रवारी सकाळी अकराला तो लॅपटॉप उचलून माझ्याकडे आला. तोंड उतरलेलं, पण ऐट अजून शिल्लक. "ताई, तू तीस वर्षं लोकांची पत्रं वाचलीस. ही बाई काय म्हणतेय ते सांग."

बाईंचा तिसरा मेल होता. 'तुम्हाला नंबर द्यायचा नाही असं दिसतं. तुमची मर्जी. आज पाच वाजता मी हे काम दुसऱ्या ऑफिसला देते आहे. जिना मात्र तुमच्या हातचा हवा होता.'

"बाईंनी तुला उद्धट ठरवलंय," मी म्हटलं. "आणि त्यांचं काही चुकलेलं नाही."

"पण नंबर आहे ना खाली!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं. मी त्याला म्हटलं, तोच मेल मला पाठव. माझा कॉम्प्युटर जुना, कंपनीनं निवृत्तीच्या वेळी भंगारात काढायच्याऐवजी मला दिलेला. मेल आला. उघडला. 'कृपया खालील तपशील लक्षपूर्वक पाहावा.' आणि खाली एक मोठी रिकामी चौकट. पांढरीफटक. डाव्या कोपऱ्यात एवढीशी फुली.

दुकानांच्या जाहिराती मला रोज अशाच दिसतात. अनोळखी पत्त्यावरून चित्र आलं की माझं यंत्र ते दाखवत नाही, आणि मिलिमीटरनं मला मेल आजच पहिल्यांदा केला होता; मोठ्या ऑफिसांतली यंत्रं तर असली चित्रं मुळीच दाखवत नाहीत. आणि यानं नाव, नंबर, पान, तंबी, सगळं मिळून एक चित्र करून चिकटवलं होतं, कारण अक्षरं म्हणून पाठवली तर दुसऱ्याच्या यंत्रावर अर्धा मिलिमीटर सरकतात. चाळीस वास्तुविशारदांना यानं चाळीस रिकाम्या चौकटी पाठवल्या होत्या, आणि वर लिहिलं होतं, माहिती खाली.

मी हसले. खोटं कशाला सांगू, पोट धरून हसले. तीन आठवडे ऐकून घेतलं होतं की मला यातलं कळत नाही.

मिलिमीटर वाकून पडद्याकडे बघत राहिला. मग खिशातून स्टीलची छोटी पट्टी काढून चौकटीला लावली.

"माप बरोबर आहे," तो म्हणाला.

त्याचा आवाज असा काही होता की माझं हसू जागच्या जागी थांबलं. बावीस वर्षं दोन अक्षरं, मग मासिकात तीही नाहीत, आणि आता स्वतःच्या हातानं आखलेल्या चौकटीतही काही नाही. माणूस असतो मूर्ख, पण इतकंही वाट्याला येऊ नये.

"ऊठ," मी म्हटलं. "बसू दे मला."

खुर्ची ओढून मी त्याच्या लॅपटॉपसमोर बसले आणि कीबोर्डकडे न बघता दहा बोटांनी टाइप केलं. 'नमस्कार. माझी सही चित्र असल्यामुळे तुमच्यापर्यंत पोचत नव्हती, हे मला आज कळलं. क्षमस्व. माझा फोन नंबर हा. आज दिवसभर मी घरी आहे. जिना मीच काढला.' खाली त्याचं नाव. संपलं.

"जिना मीच काढला, हे कशाला?" तो म्हणाला.

"कारण काढलास."

तो पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, "आणि हे काय?"

मी बघितलं. त्याच्या नावाच्या खाली, डाव्या कोपऱ्यात, एक तिरपी रेघ आणि दोन बारकी अक्षरं. माझी. माझ्या बोटांनी आपणहून घातली होती. कंपनीत पत्रावर सही मॅनेजरची असायची, पण खाली कोपऱ्यात टाइप करणाऱ्याची दोन अक्षरं घालायचा नियम होता, म्हणजे चूक निघाली तर कुणाला बोलवायचं ते कळावं. तीस वर्षांची सवय.

"टाइप करणाऱ्याची खूण," मी म्हटलं. "काढून टाक. त्यांना काय करायचीय."

त्यानं ती अक्षरं थोडा वेळ पाहिली आणि तसाच मेल पाठवून दिला.

एक वाजला. तीन वाजले. भावजय बँकेतून दर तासाला विचारत होती, म्हणून मी तिला दम दिला की फोन मोकळा राहू दे. साडेचारला मिलिमीटरनं टेबल आवरायला घेतलं, पट्ट्या डब्यात, डबा पिशवीत. सोमवारी कुठला शर्ट घालायचा हेही त्यानं ठरवलं असावं, कारण तो माझ्याकडे इस्त्री मागायला आला. मी इस्त्री दिली नाही. म्हटलं, पाच वाजू देत.

पाचला दहा कमी असताना फोन वाजला. तो उठून उभा राहिला आणि मग उचलला.

पहिलं मिनिटभर नुसतं हो, हो. मग जिन्याचा विषय निघाला आणि याचा आवाज बदलला. आजारी पोराला उचलून नेणाऱ्या माणसाला पायरी किती उंच चालेल, वळणावर स्ट्रेचर फिरवायला किती जागा लागेल, कठडा दोन उंचींवर का हवा, एक मोठ्यांच्या हाताला आणि एक मुलांच्या. वीस मिनिटं बोलत होता. संस्थापक नाही, मुख्य सल्लागार नाही, सुविचार नाही. मी दारात उभी राहून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, गाढवा, हे त्या चाळीस जणांना का नाही लिहिलंस?

मग बाईंनी काहीतरी विचारलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. "ती माझी ताई," तो म्हणाला. "पत्रं तीच बघते."

मी तोंड फिरवून पडदा सारखा केला. तो सारखाच होता.

शेवटी त्याचा आवाज जरा खाली आला. "हो, तुमच्याच ऑफिसचा कागद. हो, टायटल ब्लॉक तुमचाच. समजलं." त्यानं खिशातली पट्टी काढली. "एक विचारू? आरेखनचं घर केवढं आहे?" ऐकलं. "अठरा बाय पाच. ठीक आहे."

म्हणजे काम मिळालं, दोन वर्षांचं. मोठ्या साहेबांची गादी त्यांची त्यांना लखलाभ. आणि तरी वाट्याला आलं ते पुन्हा तेच, दुसऱ्याच्या चौकटीतलं तळाचं घर, दोन अक्षरांपुरतं. त्या संध्याकाळी मी भावजयीला म्हटलं, "डोंगर पोखरून उंदीर." ती हसली, तिला उंदीर पुरेसा होता. सहीचं म्हणाल तर आता मेलखाली नाव आणि नंबर, दोन साध्या ओळी. मीच टाइप करून दिल्यात.

सहा आठवड्यांनी इस्पितळाच्या जिन्याचा नकाशा बाईंच्या ऑफिसातून छापून घरी आला. टेबलावर मावेना इतका मोठा. मिलिमीटर बाहेर गेला होता. मी भिंग घेऊन कोपरा शोधला. इमारतीचं नाव, तारीख, बाईंचं नाव ठसठशीत. खाली आरेखनचं घर. त्यात दोन अक्षरं नव्हती. साध्या डोळ्यांना ती राखेची रेघ वाटली असती. भिंग धरलं तर दोन ओळी होत्या. त्याचं नाव, वडिलांचं, आडनाव. पूर्ण. दोन मिलिमीटरच्या खालचं अक्षर नकाशात घालायचं नाही, हा त्याचाच नियम, मला शंभरदा ऐकवलेला. हे अक्षर दीड मिलिमीटरचंही नव्हतं. कुणाला न विचारता, कुणाचा कागद न बिघडवता, त्यानं अठरा बाय पाचमध्ये स्वतःला बसवलं होतं.

मी ते भिंगातून तीनदा वाचलं. मग ट्रंकेवरचं कापड काढून टाइपरायटरकडे बघत बसले. तीस वर्षं, दिवसाला वीस-पंचवीस पत्रं. प्रत्येकाच्या कोपऱ्यात जागा होती, हवी तेवढी, अठरा मिलिमीटरपेक्षा कितीतरी जास्त. एकदाही पूर्ण नाव टाइप करून बघितलं नाही. कुणी माझा हात धरला नव्हता.

संध्याकाळी तो आला तेव्हा नकाशा होता तसा ठेवलेला होता, पण भिंग त्याच्यावर राहिलं होतं. त्यानं भिंग पाहिलं, मग मला.

"फार बारीक घातलंयस," मी म्हटलं. "कोण वाचणार आहे?"

"तू वाचलंस ना," तो म्हणाला, आणि पट्टी घेऊन कामाला बसला.